ब्रिसलनोजला आधी आडोसा द्या

शोभेच्या माशांची टाकी विकत घेतली की गोल्डफिशच्या जोडीला दुकानदार बोटाएवढा एक काळपट मासा हमखास देतो. ‘सकर आहे, काच साफ ठेवतो,’ एवढीच त्याची ओळख. घरी आल्यावर तो जो फिल्टरच्या मागे जाऊन बसतो, तो चार-चार दिवस दिसत नाही. मग कुणी काचेवर टकटक करतं, कुणी दगड उचलून बघतं, पाहुण्यांना दाखवायचं म्हणून पोरं जाळीने त्याला हुसकून बाहेर काढतात. वर्ष-दोन वर्षांत तोच मासा फूटभर होतो, झाडं उपटतो, टाकी घाण करतो आणि घरात विचार सुरू होतो, आता याला सोडायचं कुठे?

मासा दिसत नाही आणि मासा मावत नाही, या दोन्ही तक्रारी टाळता येतात. दुसरीवरचा उपाय मुळात योग्य जात निवडण्यात आहे. पहिलीवरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: मासा दिसायला हवा असेल, तर त्याला लपायला आणखी जागा द्या. साक्री, पिंपळनेर, निजामपूर आणि एकूणच खानदेशातल्या घरांसाठी हे वेगळं लिहायची गरज आहे, कारण या माशाबद्दलचे बहुतेक सल्ले थंड हवेच्या आणि मऊ पाण्याच्या मुलखातून आलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, बोअरचं पाणी जड असतं आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

कोणता आणायचा

‘सकर’ नावाने विकला जाणारा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतला असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, तळाला राहणारा कॅटफिश. पूर्ण वाढला की तो चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर होतो, म्हणजे दीड फूट. दोन-अडीच फुटी टाकीत त्याला नीट वळताही येत नाही. घरगुती टाकीसाठी हा मासा मी कुणालाच सुचवणार नाही.

त्याच्याच कुळातला, त्याच खंडातला धाकटा भाऊबंद म्हणजे ब्रिसलनोज. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. हा चार-पाच इंचांवर थांबतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. दोघांच्याही अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात, दोघांचंही तोंड खाली असतं आणि त्या तोंडाने ते काचेला, दगडाला, लाकडाला धरून राहतात. लहान वयात दोघे सारखे दिसतात, म्हणून दुकानात गोंधळ होतो. ओळखायचं असेल तर पाठीवरचा पर उघडलेला असताना बघा. सकरचा पर शिडासारखा उंच आणि लांब असतो, त्यात दहा किंवा त्याहून जास्त काड्या मोजता येतात. ब्रिसलनोजचा पर आखूड असतो, पुढच्या काट्यामागे सातच काड्या असतात. ब्रिसलनोजचं डोकं रुंद आणि चपटं असतं, अंग गडद असून त्यावर फिकट ठिपके असतात. वाढलेल्या नराच्या नाकाडावर मऊ, फांद्या फुटलेल्या मिशांचं रान उगवतं. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेला बारीकशा असतात. मिशावाला नर दिसला तर जातीबद्दल शंकाच उरत नाही.

आमच्याकडे असा मासा बहुधा धुळ्याहून किंवा नाशिकहून आणावा लागतो, मुंबईला कुणी जाणारं असेल तर कुर्ल्याच्या बाजारातून. दुकानात मासा खालून बघायला मागा. काचेला चिकटलेला असेल तर पोट दिसतंच. पोट आत गेलेलं असेल, डोळे खोल गेलेले असतील, तर तो उपाशी आहे. असा मासा दयेपोटी घेऊ नका, तो क्वचितच सावरतो. दुकानदार जाळी घालायला लागला तर थांबवा. या माशाच्या गालावर आणि परांच्या पुढच्या कडेला काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट उचलणं चांगलं. धुळे ते साक्री पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे. उन्हाळ्यात सकाळच्या पहिल्या गाडीने आणा, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि खोकं एसटीच्या पुढच्या भागात इंजिनाजवळ ठेवू नका.

मासा येण्याआधीचा महिना

टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नयेत. माशाच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया पाण्यात उतरतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी नुसती चालू ठेवायची, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला आणि तो आपल्या टाकीत पिळला, तर हा काळ बराच कमी होतो.

आपल्याकडे ही घाई विशेष महाग पडते, त्याचं कारण पाण्यात आहे. अमोनियाचा विषारी वाटा पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतो. पीएच ७ वरून ८ वर गेला, तर २५ अंशांना हा वाटा जवळजवळ दहापट होतो. बेसाल्टच्या प्रदेशातलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, त्यात उन्हाळ्याची भर. मऊ पाण्याच्या गावात जो अमोनिया मासा सोसून नेतो, तोच साक्रीत त्याचा जीव घेतो.

एका ब्रिसलनोजला अडीच फुटी टाकी द्या. तीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर अठ्ठ्याऐंशी लिटरच्या आसपास पाणी मावतं. दगड-वाळू वगळता सत्तर-पंचाहत्तर लिटर हाती राहतं. म्हणजे काच, वाळू, दगड धरून शंभर किलोच्या वर वजन. टीव्हीच्या शोकेसवर ही टाकी ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या आणि खाली थर्माकोलची शीट घाला. जागा निवडताना खोलीची आतली भिंत बघा. पत्र्याखालची खोली, पश्चिमेची खिडकी, दरवाजाजवळची ये-जा या तिन्ही गोष्टी वाईट. दरवाजा उन्हासाठी वाईट नाही, वर्दळीसाठी आहे. माणसाची सावली दर मिनिटाला काचेवरून गेली, तर हा मासा दिवसाच काय, संध्याकाळीही बाहेर येत नाही.

पाणी नगरपंचायतीच्या नळाचं असेल तर त्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो. बादलीत किंवा पिंपात चोवीस तास एअर पंप लावून ठेवलं की तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध वापरा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जमिनीतून वर येतं तेव्हा त्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर हवा देऊन मगच टाकीत घाला. शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरला खतांमुळे नायट्रेटही मुळातच जास्त असू शकतं, तपासणीची पट्टी एकदा बुडवून बघा.

आता जड पाण्याचं. जंगलातला ब्रिसलनोज मऊ पाण्यातला, पण दुकानात येणारे बहुतेक मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत जन्मलेले असतात आणि साडेसहा ते आठ पीएचमध्ये निभावून नेतात. त्यांना बाधतो तो चढउतार. म्हणून पाण्याशी औषधं घालून खेळत बसू नका. टीडीएस मीटरवर आकडा सातशे-आठशेच्या वर जात असेल, तर निम्मं आरओचं पाणी मिसळा आणि ते प्रमाण कायम ठेवा. नुसतं आरओ वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच टिकत नाही. आणि आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी तर टाकीजवळही नेऊ नका, बोअरमधले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

अंधार कसा घालायचा

या माशाच्या डोळ्याकडे एकदा जवळून बघा. बुबुळाच्या वरच्या कडेला एक छोटा पडदा असतो. उजेड वाढला की तो खाली उतरतो आणि बाहुली नालेच्या आकाराची दिसू लागते. अंधार पडला की पडदा वर सरकतो, बाहुली गोल होते. पापणी नसलेल्या माशाची ही सोय आहे. तुमच्या टाकीचा लाइट त्याला किती टोचतो आहे, हे सांगायला दुसरं कुठलं मीटर लागत नाही. दुपारभर तो पडदा पूर्ण उतरलेला दिसत असेल, तर उजेड कमी करा.

ब्रिसलनोज भित्रा आहे असं म्हणतात. त्याच्या जागी उभं राहून विचार केला तर तो फक्त सावध आहे. वरून येणारा पक्षी, मोठा मासा यांच्यापासून वाचायला त्याच्याकडे वेग नाही. चिलखत आहे आणि बीळ आहे. टाकीत एकच बीळ असेल तर तो त्यातून हलत नाही, कारण बाहेर पडलं तर परत तिथपर्यंत पोहोचता येईल याची खात्री नसते. चार ठिकाणी आडोसा असेल तर तो एकातून दुसऱ्यात जातो, वाटेत काच चाटतो, लाकडावर थांबतो, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला दिसतो. जितका आडोसा जास्त, तितका त्याचा वावर जास्त. टाकीची मागची आणि एक बाजूची काच काळ्या कागदाने झाका, एवढ्यानेही फरक पडतो.

आडोशाचं सामान विकत आणायची गरज नाही. आखाजीला घागरींबरोबर कुंभाराकडे लहान बोळकी येतात, त्यातली दोन-तीन जास्त घ्या. रंग दिलेली, गेरू लावलेली नकोत, साधी भाजलेली हवीत. तोंडाची कड कानशीने घासून गुळगुळीत करा, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि वाळूत आडवी अर्धी पुरा. तोंड भिंतीकडे किंवा तिरपं ठेवा, थेट खोलीकडे नको. नारळाची करवंटी उकळून, शेंड्या काढून उपडी ठेवता येते. दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा दिसायला चांगला नाही, पण माशाला मनापासून आवडतो. मासा आत गेल्यावर त्याच्या दोन्ही बाजू भिंतींना जेमतेम लागाव्यात, असं माप बघा. मोठ्या पोकळीत त्याला सुरक्षित वाटत नाही.

दगड कान नदीच्या पात्रातले वापरता येतात, मात्र तपासून. काळा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही, पण त्याच्या भेगांत पांढऱ्या रेघा आणि पृष्ठभागावर चुनखडीची पुटं असतात. दगड घासून वाळवा आणि पांढऱ्या जागी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फेस आला, बारीक बुडबुडे उठले, तर तो दगड बागेत ठेवा. तो टाकीत गेला तर आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करील. शहाबादी फरशीचे तुकडे आणि संगमरवराची खडी याच कारणाने नकोत. टोकदार खडीही टाळा, माशाचं पोट मऊ असतं, चिलखत फक्त वरून आहे. धुतलेली बारीक वाळू सगळ्यांत उत्तम.

लाकूड मात्र हवंच. ब्रिसलनोज ते खरवडतो, त्यावर साचलेला जिवाणू-शेवाळाचा थर खातो आणि त्यातले तंतू त्याच्या पोटात जातात. पेरूची पूर्ण वाळलेली, साल काढलेली जाड फांदी चालते. ओलं लाकूड, कडुनिंब, चीक किंवा डिंक येणारं झाड, रंग-पॉलिश लागलेला फर्निचरचा तुकडा हे काहीच नको. फांदी तासभर उकळा, मग बुडेपर्यंत बादलीत ठेवा. पाणी चहाच्या रंगाचं होईल, घाबरू नका, तो रंग माशाला बाधत नाही, उलट उजेड मंद करतो. देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, वाळलेली पानं धुऊन टाकली तर तोच उपयोग होतो. झाडांमध्ये जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधा. त्यांची पानं चिवट असतात, मासा ती ओरबाडत नाही आणि त्यांना उजेडही कमी लागतो.

मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत मिसळा, आणि पिशवीतलं पाणी न ओतता मासा सोडा. त्या दिवशी लाइट लावूच नका. पुढचे दोन-तीन आठवडे तो दिसला नाही तरी बोळकं उचलून बघायचं नाही. रात्री खाद्य टाका, सकाळी ते संपलं की नाही एवढं बघा. संपत असेल तर मासा ठीक आहे. बघायचंच असेल तर खोलीतला दिवा मालवून, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून लांबून बघा. घरातल्या मुलांना हा पहारा आवडतो आणि काचेवर टकटक करण्यापेक्षा कितीतरी जास्त बघायला मिळतं. काचेला चिकटलेल्या तोंडाच्या आतल्या दातांच्या बारीक ओळी वर-खाली होताना दिसतात, आणि तोंड बंद असूनही गालांतून श्वास चालू असतो.

जेवण

शेवाळ खाऊन तो जगेल, हा सगळ्यांत जास्त मासे मारणारा समज आहे. नव्या टाकीत शेवाळ फार नसतं, आणि असलं तरी आठवडाभरात संपतं. इतर माशांची विष्ठा तो खात नाही. वरून टाकलेलं खाद्य बाकीचे मासे वरच्या वर संपवतात. हा तळाशी उपाशी राहतो आणि चिलखतामुळे त्याचं वाळणं लवकर लक्षात येत नाही.

लाइट मालवल्यावर त्याला बुडणारी वेफर द्या, शेवाळाचं प्रमाण जास्त असलेली. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी द्या. आपल्या बाजारातलं गिलकं त्याला अतिशय प्रिय आहे. साल काढून जाडसर चकती करा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून गार करा आणि स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवा, म्हणजे तरंगत नाही. काकडी, दुधी, पालकाचं पान, सोललेला मटार, डांगराचा तुकडा हेही चालतं. सकाळी उरलेलं काढून टाका, उन्हाळ्यात तर नक्की, नाहीतर दुपारपर्यंत पाणी नासतं. भाजीवर फवारणी झालेली असते हे आपण शेतीच्या गावातले लोक जाणतोच. साल काढा, मिठाच्या पाण्यात भिजवा, परत धुवा. परसातली भाजी असेल तर तीच द्या.

आठवड्याला चौथाई पाणी बदला. तळाची घाण नळीने ओढून घ्या, कारण हा मासा खातो तितकं टाकतोही. टाकी साफ ठेवणं हे तुमचं काम आहे, त्याचं नाही.

सोबतीला गप्पी, मोली, प्लॅटी ठेवा. हे मासे जड पाण्यात मुळातच खूश असतात. गोल्डफिशबरोबर जोडी जमत नाही. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, तो घाण फार करतो आणि रात्री संथ पडून असताना ब्रिसलनोज कधीकधी त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटायला जातो. ऑस्करसारखे दांडगे मासे नकोत. दोन नर एका लहान टाकीत ठेवले तर बिळावरून भांडतात.

खानदेशी उन्हाळा, खानदेशी हिवाळा

ब्रिसलनोजला २३ ते २७ अंश मानवतात. तीसच्या वर त्याला त्रास सुरू होतो. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. शिवाय गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. मासा वारंवार वर येऊन हवा गिळू लागला, तर समजा पाण्यात कमी पडतोय. या कुळातल्या माशांना हवा गिळून पोटातून प्राणवायू घेता येतो, पण ती अडचणीतली सोय आहे.

सुदैवाने आपली हवा कोरडी आहे, आणि तीच इथे कामाला येते. टाकीचं झाकण काढून वर जाळी लावा आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. कूलर त्याच खोलीत असेल तर हवा दमट होते आणि हा परिणाम कमी होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. लाइट दिवसातून चार-पाच तासच लावा. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगू द्या, तेही एकावेळी एक. पाणी रोज उडतं, क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घातली तर महिन्याभरात टीडीएस चढतो. ही भर घालायला जारचं आरओ पाणी वापरा, आठवड्याच्या बदलाला नेहमीचं मिश्र पाणी.

लाइट जाण्याची तयारी आधीच हवी. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर हा आमच्यासाठी चैनीचा नाही, गरजेचा भाग आहे. इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या, तो जेमतेम तीन-चार वॅट खातो. फिल्टर काही तास बंद राहिला तर प्राणवायूअभावी त्यातले जिवाणू मरू लागतात. लाइट खूप वेळाने आली तर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नका, आतलं पाणी आधी फेकून द्या. वीज गेलेली असताना खाद्य टाकू नका.

हिवाळ्याकडे मात्र लोकांचं दुर्लक्ष होतं. डिसेंबर-जानेवारीत धुळे जिल्ह्याचा पारा दहाच्या खाली उतरतो. पाणी अठराच्या खाली गेलं की ब्रिसलनोज खाणं सोडतो आणि आजार धरतो. अडीच फुटी टाकीला शंभर वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लावून २४ अंशांवर ठेवा. हीटरला जाळीचं आवरण हवंच, हा मासा त्याला चिकटून बसतो आणि भाजतो. पाणी बदलताना हीटर बंद करायचा विसर पडू देऊ नका, उघडी पडलेली तापलेली काच तडकते.

आजारपणात औषध देण्याआधी बाटलीवर बघा. तांबं असलेली औषधं या माशाला झेपत नाहीत, मिठाचा मारा त्याला नको. मासा मलूल दिसला तर पहिला उपाय पाणी बदलणं आणि हवा वाढवणं हाच.

पिल्लं झाली तर

टाकीत जोडी असेल आणि सगळं जमून आलं तर एक दिवस नर बोळक्यातून बाहेर यायचाच बंद होतो. बहुतेकदा हे पावसाळ्यात, पाणी थंडावल्यावर होतं. लाल बॅटरीने आत बघितलं तर त्याच्या मागे नारिंगी अंड्यांचा घोस दिसतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. तो परांनी सतत वारा घालत राहतो, मधूनच तोंडाने अंडी साफ करतो, स्वतः जवळजवळ खात नाही. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात, आणखी तितकेच दिवस पिल्लं पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. त्यानंतर बाहेर पडतात, तेव्हा त्यांना उकडलेलं गिलकं आणि लाकूड मिळायला हवं.

नराच्या मिशांचं कोडं इथे थोडंसं उलगडतं. साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तीन संशोधकांनी १९९९ मध्ये असा तर्क मांडला, की त्या मऊ मिशा मादीला पिल्लांसारख्या दिसतात, आणि जो नर आधीच पिल्लं राखतोय असं वाटतं त्याच्याकडे ती जास्त वळते. दिवसचे दिवस उपाशी राहून अंड्यांना वारा घालणारा हा नर बघितला की ही कल्पना पटते.

पिल्लं पन्नास-शंभर होऊ शकतात. ती कुणाला द्यायची हे आधी ठरवा. धुळ्याचे दुकानदार बहुधा घेतात. जमणार नसेल तर नर-मादी एकत्र ठेवू नका.

नदीत नाही

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाढलेला सकर नदीत, धरणात, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. ब्रिसलनोजही नाही, त्याची पिल्लंही नाहीत.

सकर हवा गिळून जगतो, पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरतो आणि त्याचं चिलखत इथल्या शिकारी माशांना फोडता येत नाही. अंड्यांसाठी तो काठाच्या मातीत खोल बिळं करतो, त्याने बांध आणि काठ खचतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निओ धरणात या माशांनी तिलापियाची मासेमारी कोलमडवली. आपल्या देशात केरळच्या कालव्यांत, आंध्रच्या तलावांत तो पसरला आहे, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला, आणि महाराष्ट्रात उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही येतो. तिथे त्याला गिऱ्हाईक नाही. त्याचे काटे जाळं फाडतात, तेवढंच हाती लागतं. हे सगळे मासे कुठल्या ना कुठल्या टाकीतून किंवा मत्स्यबीजाच्या हौदातून बाहेर गेलेले आहेत.

कान पांझरेला मिळते, पांझरा तापीला. साक्रीच्या पुलावरून सोडलेला मासा अक्कलपाड्याच्या धरणात पोहोचायला अडथळा कुठलाच नाही. त्या धरणावर, मालनगाव आणि लाटीपाड्याच्या धरणांवर भोई आणि भिल्ल कुटुंबं जाळी टाकून पोट भरतात. मरळ, वाम, शिंगाळा यांच्या जागी त्यांच्या जाळ्यात सकर यायला लागला, तर त्यांचं नुकसान भरून देणारं कुणी नाही. मासा मारायला जीव धजत नाही म्हणून, किंवा पुण्य म्हणून, लोक तो नदीत सोडतात. त्या एका जिवाची दया नदीतल्या हजारो जिवांवर येते.

तुमच्याकडे आत्ता असा वाढलेला सकर असेल तर ज्या दुकानातून आणला तिथे परत घेतात का विचारा. नाही घेतला तर मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाला, किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारा. तोवर त्याला पाण्याच्या सिमेंटच्या टाकीत ठेवा, वर घट्ट जाळी लावा आणि त्या टाकीचं पाणी गटारीत न सोडता झाडांना घाला. आणि पुढच्या वेळी दुकानदार पिशवीत काळपट मासा टाकू लागला, तर त्याच्या पाठीच्या पराच्या काड्या मोजा.